चिनी मशीनवर एकच अक्षर चार ठिकाणी, आणि चारही ठिकाणी अर्थ वेगळा. नक्की काय धरायचं?

अंबडचा_वायरमन

नमस्कार मंडळी. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका छोट्या युनिटचं मेंटेनन्स बघतो. गिऱ्हाईक सगळं द्राक्षवालं, पिंपळगाव-दिंडोरीकडचं. जानेवारीपासून मार्चपर्यंत आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते. शेठनी दिवाळीनंतर एक सेकंडहँड चिनी मशीन उचललं, छपाई आणि स्लॉटिंग (पुठ्ठ्याला खाचा पाडणं) एकाच लाइनीत. मशीन दणकट आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण अंगावर इंग्रजी एक अक्षर नाही. मॅन्युअल पण चिनीच, आणि तेही झेरॉक्सचं झेरॉक्स.

मला चिनी भाषा शिकायची नाहीये. एकच अक्षर पाहिजे, कारण ते जिथं बघावं तिथं आहे. दिसायला स्टुलासारखं: वर एक आडवी रेघ, तिच्याखाली जरा लांब दुसरी आडवी रेघ, आणि दोन पाय. पाय वरच्या रेघेपासून निघतात, खालचीला कापून खाली येतात. उजवा पाय सरळ, डावा बाहेर वळलेला.

पॅनेलवरच्या सिलेक्टर स्विचला उजव्या बाजूला हे एकटं आहे. हवेच्या लाइनीच्या व्हॉल्व्हवर बाणाशेजारी पण एकटंच. कंट्रोल ड्रॉइंगमध्ये रिलेच्या (विजेनं चालणाऱ्या स्विचच्या) काँटॅक्टशेजारी हेच, पण तिथं त्याच्या आधी अजून एक अक्षर आहे. आणि पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलेल्या तक्त्यात त्याच्या आधी तिसरंच काहीतरी, भरपूर रेघांचं.

मोबाइलच्या कॅमेऱ्यानं भाषांतर केलं तर एकदा ‘ओपन’ आलं, एकदा ‘ऑन’, एकदा ‘ड्राइव्ह’. व्हॉल्व्हवर धरला तर म्हणे ‘बॉइल’. हवेच्या व्हॉल्व्हवर कोणी ‘उकळा’ असं लिहील यावर माझा काही विश्वास बसत नाही.

आता माझी खरी अडचण. व्हॉल्व्ह ओपन म्हणजे हवा सुरू. सर्किट ओपन म्हणजे करंट बंद. मग हे अक्षर ‘चालू’ समजायचं का ‘उघडं’? हेल्पर पोरगं उत्साही आहे, ‘चालू’चे स्टिकर छापून घेऊन आलंय आणि हे अक्षर दिसेल तिथं चिकटवायच्या बेतात आहे. मी त्याला थांबवलंय. कोणाला माहिती असेल तर सांगा भो.

सातपूरकर_काका

मेन पाड, मीटर लाव, कंटिन्युइटी बघ, म्हणजे कुठं जोडलंय आणि कुठं तुटलंय ते कळेल. मीटरला चिनी-मराठी कळत नाही, म्हणून तो खोटं बोलत नाही. अक्षर-बिक्षर नंतर.

अंबडचा_वायरमन

काका, ते करतोच आहे. पण ड्रॉइंगमध्ये शंभरावर काँटॅक्ट आहेत. एकेक मोजत बसलो तर द्राक्षाचे बेदाणे होतील.

दुभाषी_गंगापूर_रोड

दादा, पोराला थांबवलंत ते फार बरं केलंत. मी कारखान्यांमध्ये दुभाष्याचं काम करते. चिनी इंजिनिअर मशीन बसवायला आले की मला बोलावणं येतं. त्यामुळे तुमच्या या स्टुलाशी माझी रोजची गाठ आहे.

आधी उच्चार. ते ‘खाय’. इंग्रजीत के-ए-आय लिहितात म्हणून आपले लोक ‘काय’ म्हणतात, आणि समोरचा माणूस कोऱ्या चेहऱ्यानं बघत राहतो, कारण ‘काय’ हे त्यांच्याकडे दुसरंच अक्षर आहे, ‘करायला हवं’ अशा अर्थाचं. चिनी शब्द रोमनमध्ये लिहिताना ‘के’ म्हणजे आपला ख आणि ‘जी’ म्हणजे आपला क. तसंच ‘टी’ म्हणजे थ, ‘डी’ म्हणजे त. ‘पी’ म्हणजे ओठ मिटून म्हटलेला फ, ‘बी’ म्हणजे प. इंग्रजीवरून शिकणाऱ्याची यात दमछाक होते. आपण क-ख, त-थ, प-फ शाळेत जाण्याआधीच वेगळे बोलायला लागतो, म्हणून आपल्याला ते आयतं मिळतं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, त्यांच्या चिनी नावाची सुरुवातही अशाच ‘ख’नं होते: ख तीह्वा. असो. ‘खाय’ म्हणताना आवाज वरच्या पट्टीत, सपाट धरायचा. खाली सोडायचा नाही, वर न्यायचा नाही.

आता अर्थ. या अक्षराचं जुनं रूप म्हणजे एक चित्रच आहे. दोन पल्ल्यांचं दार, त्याला आतून लावलेला अडसर आणि तो अडसर काढणारे दोन हात. १९५६ साली चीन सरकारनं अक्षरं सोपी करायची योजना जाहीर केली, त्यात दार गेलं. आत होतं तेवढं उरलं. तुमच्या स्टुलाची वरची आडवी रेघ म्हणजे तो अडसर, आणि खालची रेघ दोन पायांसकट म्हणजे दोन हात. एवढं डोक्यात ठेवलंत की बाकीचं आपोआप सुटतं.

म्हणजे मूळ अर्थ ‘चालू’ असा नाहीच. मिटलेलं, जोडलेलं, अडवलेलं जे काही असेल ते सुटं करणं, हा मूळ अर्थ. आता परिणाम काय होणार ते समोर काय आहे त्यावर. हवेच्या वाटेतला अडसर काढला तर हवा सुरू होते. मशीनचा काढला तर मशीन सुरू. पण तांब्याचे दोन तुकडे एकमेकांना चिकटलेले असताना करंट जात असेल आणि तुम्ही ते सुटे केलेत, तर करंट बंद. क्रिया एकच, निकाल उलटा.

हे आपल्याला चमत्कारिक वाटायचं कारण नाही. आपण ‘नळ उघडला’ म्हणतो तेव्हा पाणी सुरू होतं, आणि ‘पाऊस उघडला’ म्हणतो तेव्हा पाणी बंद होतं. मराठी नवीन शिकणाऱ्याला सांगून बघा पाऊस उघडला म्हणून, तो छत्री घेऊन निघेल.

तर तुमच्या मशीनसाठी:

स्विचवर किंवा व्हॉल्व्हवर एकटं ‘खाय’ असेल तर ‘चालू’ समजा. त्याच्या समोरच्या बाजूला ‘क्वान’ असेल: वर दोन तिरके टिपके, खाली दोन आडव्या रेघा, मग फाकलेले दोन पाय. ते ‘बंद’. गंमत म्हणजे दोन्ही एकापुढे एक लिहिली, ‘खायक्वान’, की त्याचा अर्थ होतो ‘स्विच’. उघड-मीट. तेव्हा ही जोडी एखाद्या बटणाच्या वर छापलेली दिसली तर ती नुसती पाटी आहे, दिशा नाही.

ड्रॉइंगमधल्या काँटॅक्टशेजारी त्याच्या आधी जे अक्षर आहे ते बहुतेक ‘छांग’, म्हणजे नेहमी. ‘छांग खाय’ म्हणजे नेहमी उघडा, तुमच्या भाषेत एनओ. तिथं पोरानं ‘चालू’चा स्टिकर लावला असता तर अर्थ बरोब्बर उलटा झाला असता. ‘छांग पी’ म्हणजे नेहमी मिटलेला, एनसी. त्या ‘पी’ला दाराची चौकट शाबूत आहे, तीन बाजूंनी बंद आणि खालून उघडी, लगेच ओळखू येईल.

आणि दारावरच्या तक्त्यात आधी जे भरपूर रेघांचं आहे, त्याच्या उजव्या अर्ध्या भागात खाली ओढलेला उभा दांडा आणि डाव्या भागात एका कोनात बसवलेलं तांदळाच्या दाण्यांसारखं चिन्ह असेल, तर ते ‘त्वान’, तोडणे. ‘त्वान खाय’ म्हणजे तोडून वेगळं करणे, सप्लाय काढणे. इथं तर खाय असूनही सरळसरळ ‘बंद’.

मोबाइलबद्दल एक सांगते. कॅमेरा एकट्या अक्षरावर धरू नका. शेजारची अक्षरं, शक्यतो पूर्ण ओळ, फ्रेममध्ये घ्या. एकटं दिलं की तो बिचारा शब्दकोशातला कुठलाही अर्थ उचलतो. आणि स्टिकर झिजला असेल तर कीबोर्डमध्ये चिनी हस्ताक्षराची सोय सुरू करून बोटानं काढा. क्रम असा: वरची आडवी, खालची आडवी, डावा वळलेला पाय, उजवा सरळ. चारच रेघा आहेत.

अंबडचा_वायरमन

ताई, साष्टांग. आत्ता ड्रॉइंग पसरून बसलोय. ‘छांग खाय’ जिथं आहे तिथं टर्मिनल १३-१४, आणि दाराच्या चौकटीवाल्याशेजारी २१-२२. म्हणजे तंतोतंत जुळलं. शेवटचे आकडे ३-४ असतील तर एनओ, १-२ असतील तर एनसी, हे तर आपल्याकडच्या काँटॅक्टरवर (मोटर चालू-बंद करणाऱ्या मोठ्या रिलेवर) पण तसंच असतं. मला आधी आकडेच दिसायला हवे होते, पण त्या अक्षरांच्या जंगलात नजर जातच नव्हती. चार-पाच ठिकाणी मीटर लावून पण बघितलं, काका खूश व्हा.

अक्षरांमध्ये केएम, केए, क्यूएफ, एसबी अशी रोमन लेबलं मात्र आहेत. केएम काँटॅक्टर, केए रिले, एसबी बटण असा अंदाज लावला.

आता एक नवीन. मेन ब्रेकरवर खाय पण नाही आणि क्वान पण नाही. वरच्या बाजूला छप्पर, त्याखाली आडवी रेघ, त्याखाली चौकोन. खालच्या बाजूला दोन फाकलेल्या रेघा आणि त्याखाली कोयत्यासारखं काहीतरी.

दुभाषी_गंगापूर_रोड

अंदाज बरोबर आहे. क्यूएफ म्हणजे ब्रेकर. एफआर दिसलं तर थर्मल ओव्हरलोड, मोटरवर जास्त लोड आला की तोडणारा.

ब्रेकरवर छप्परवालं ते ‘ह’, म्हणजे जुळवणे, मिटवणे. कोयतावालं ‘फन’, म्हणजे वेगळं करणे. कोयता बरोबर ओळखलात, ते अक्षर सुरीचंच आहे. ब्रेकरवर मुद्दाम अशी जोडी असते जिच्यात गोंधळ नाही: काँटॅक्ट जुळलेत का सुटलेत, एवढंच ती सांगते. जुळले म्हणजे करंट आहे.

इथं ‘चालू-बंद’पेक्षा आपलं ‘लावणे’ जास्त चपखल बसतं. दार लाव म्हणजे मिट. लाईट लाव म्हणजे चालू कर. बाहेरच्याला हे उलटसुलट वाटेल, पण ब्रेकरच्या आत नेमकं तेच होतं, काँटॅक्टचं दार लागतं आणि लाईट लागते.

छापखाना_नाशिकरोड

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. नाशिकरोडला छपाईच्या धंद्यात केस पांढरे झाले. तुमच्या मशीनच्या मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर १६ किंवा ३२ या आकड्यापुढे हेच स्टूल छापलेलं असेल तर त्याला स्विच समजून शोधत बसू नका. ते कागदाचं माप आहे. पूर्ण तावाचे सारखे सोळा भाग केले की १६ खाय, बत्तीस केले की ३२ खाय. त्यांचा जुना पूर्ण ताव ७८७ बाय १०९२ मिलीमीटरचा. आपण डेमी एक-अष्टमांश म्हणतो तसंच. ताव सुटा करत जायचं, म्हणून खाय. आता ताईंनी अडसराचं सांगितल्यावर मला त्याचा अर्थ लागला, नाहीतर आम्ही नुसतंच पाठ केलं होतं.

दुभाषी_गंगापूर_रोड

काका, वा! हे मी लिहायला विसरले असते. भर घालते: १८ खाय असं सोन्याबरोबर दिसलं तर मात्र अडसर नाही आणि ताव पण नाही. तिथं ‘कॅरट’चा उच्चार लिहायला हे अक्षर उसनं घेतलंय. चिनी सराफाच्या पाटीवर भेटेल, अंबडमध्ये नाही.

सिन्नरचा_प्रवासी

मी कंपनीच्या कामानं तिकडे जाऊन आलोय, मशीन उचलायच्या आधी तपासायला. भाषेच्या नावानं शून्य, पण हे अक्षर मला पण सगळीकडे भेटलं.

‘बॉइल’ आलं ते मोबाइलचं अगदीच चुकलेलं नाही. त्यांच्या कारखान्यांत, स्टेशनांवर, ट्रेनमध्ये पाण्याचे स्टीलचे नळ असतात, त्यावर खाय आणि पुढे पाण्याचं अक्षर. मला वाटलं ‘नळ उघडा’. बरोबरच्या माणसानं हात धरून मागे ओढलं आणि कपात सोडून दाखवलं, वाफा निघत होत्या. ते ‘उकळलेलं पाणी’. लोक आपापले थर्मास घेऊन येतात, चहाची पत्ती टाकतात आणि दिवसभर त्यावरच पाणी ओतत राहतात. दूध नाही, साखर नाही. आपल्याला तो चहा वाटत नाही, ते सोडा.

दुसरं रेल्वेच्या तिकिटावर. वेळ छापलेली होती आणि लगेच पुढे हे अक्षर. ही गाडी सुटायची वेळ.

दुभाषी_गंगापूर_रोड

बघा, मराठीत आपसूक ‘सुटायची’ आलं की नाही. गाडी सुटली, अडसर निघाला. चालवणाऱ्याच्या बाजूनं तीच गाडी ‘खाय-छ’, गाडी चालवणे, म्हणून तुमच्या मोबाइलवर ‘ड्राइव्ह’ आलं. पाण्याचंही तसंच, आपण उकळी ‘फुटली’ म्हणतो. फूल उमललं त्यालाही हेच अक्षर, शाळा उघडली त्यालाही, बँकेत खातं उघडलं त्यालाही. बिल बनवायलाही हेच, आपण पावती फाडतो तिथं ते ‘खाय’ करतात. डॉक्टर औषध लिहून देतात ते पण खाय, आणि तोच डॉक्टर पोटावर सुरी चालवतो ते पण खाय. मीटिंग घेणं खाय, थट्टा करणं खाय, आणि नोकरीवरून काढून टाकणं पण खाय. या शेवटच्या दोघांत घोळ घातलेला एक अनुवाद माझ्या हातून दुरुस्त झालाय. कोणाच्या ऑफिसातला ते सांगत नाही.

यादी पाठ करू नका. यादीला अंत नाही. आधीचं आणि नंतरचं अक्षर बघायची सवय लावा.

पंचवटी_०७

सगळं ठीक आहे, पण एवढा व्याप कशाला? ज्यानं मशीन विकलं त्याच्याकडून इंग्रजी मॅन्युअल मागा. पैसे मोजलेत ना? तो त्याचं काम करेना आणि आपण इथं अक्षरं गिरवत बसायचं.

अंबडचा_वायरमन

मागितलं की. विकणारा म्हणतो मला असंच मिळालं, तुम्हाला असंच दिलं. सीझन तोंडावर आहे, त्याच्याशी भांडायला शेठ मोकळे आहेत, मी नाही. आणि खरं सांगू का, आता मजा यायला लागली आहे. सिडकोतल्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट कुठली आहे कोण जाणे, तिच्या दोन बटणांवर बाणांबरोबर अक्षरं पण आहेत हे मला काल पहिल्यांदा दिसलं. एक स्टूल आहे, पण ते दाराच्या चौकटीच्या आत बसवलेलं. हे काय प्रकरण?

दुभाषी_गंगापूर_रोड

हेच ते जुनं रूप, दारासकट. बारा रेघांचं. तैवान आणि हाँगकाँगमध्ये अजून हेच चालतं, तिथं १९५६ची ती योजना लागूच नव्हती. जपानीतही ‘उघडा’ला हेच अक्षर वापरतात. शेजारच्या बटणावरही चौकट आहे ना? तिच्या आत कमी रेघा असतील तर लिफ्ट जपानी वळणाची, आत गिचमीड असेल तर तैवानी. तैवानी ‘क्वान’ला एकोणीस रेघा आहेत, बटणावर बघून डोळे दुखतात.

हे तुमच्या कामाचं आहे, कारण आपल्याकडे तैवानी सीएनसी मशीनं भरपूर आहेत. उद्या सातपूरला कोणी बोलावलं आणि पॅनेलवर चौकटीतलं स्टूल दिसलं तर ते हेच खाय. अर्थ, उच्चार, सगळं तेच.

सातपूरकर_काका

आम्ही हे पंचवीस वर्षं ‘दारवालं बटण’ म्हणून दाबतोय. आज नाव कळलं. बरं पोरा, इमर्जन्सी स्टॉप तपासलास का? बाकी सगळं राहू दे, तो आधी.

अंबडचा_वायरमन

तपासला काका. लाल मशरूम बटण, त्याखाली दोन अक्षरं, ताईंना फोटो पाठवला होता: ‘ची-थिंग’, म्हणजे तातडीनं थांबा. काँटॅक्ट एनसी आहे, जसा असायला पाहिजे तसा. वायर तुटली तरी मशीन थांबणार. दाबून बघितला, उपसून बघितला, वायर काढून पण बघितली.

पोरानं आणलेले ‘चालू’चे स्टिकर सिलेक्टरला आणि व्हॉल्व्हला लावले, तेवढेच. ड्रॉइंगवर पेन्सिलनं एनओ-एनसी लिहितोय. ब्रेकरवर ‘लावला’ आणि ‘काढला’ असं स्केच पेननं लिहिलं, शेठनी विचारलं हे कसलं मराठी. म्हटलं चिनीतून आलंय.

शेवटचा प्रश्न, मग त्रास देत नाही. मशीनबरोबर प्लॅस्टिकची एक पाटी आली आहे, भोक पाडून दोरी लावलेली. लाल अक्षरं, एकूण आठ. चौथं अक्षर दाराच्या चौकटीचं आहे आणि तिसरं ब्रेकरवरचं छप्परवालं ‘ह’. खाय कुठंच नाही.

दुभाषी_गंगापूर_रोड

ती टाकू नका! ती तिकडची नेहमीची सुरक्षा-पाटी आहे. पहिली चार अक्षरं: ‘स्विच लावण्यास मनाई’. नंतरची चार: ‘माणसं काम करताहेत’. दुरुस्तीच्या वेळी ब्रेकरच्या दांड्याला अडकवायची. खाय तिच्यात नाही ते बरंच आहे, उघडण्याबद्दल तिला काही म्हणायचंच नाही. मराठी पाटी करणार असाल तर एक विनंती. आपल्याकडे सर्रास ‘काम चालू आहे’ लिहितात. घाईत येणारा माणूस त्यातला मधला शब्द तेवढा वाचतो.

अंबडचा_वायरमन

कळलं. ‘स्विच लावू नका, आत माणूस आहे’ एवढंच लिहून घेतो, मेन रोडला रेडियमवाल्याकडे टाकतो. आणि पाटीबरोबर कुलूप पण, किल्ली माझ्या खिशात. उद्या पहिला ट्रायल आहे, दिंडोरीच्या पार्टीचे पाच किलोचे बॉक्स.

सातपूरकर_काका

ट्रायलच्या आधी फेज सिक्वेन्स बघ, तीन फेजचा क्रम बरोबर आहे का ते. मोटर उलटी फिरली तर ते कुठल्याच अक्षरात लिहिलेलं नसतं.